देवजींचा हात

बॅलार्ड पियरच्या शिपिंग ऑफिसातलं ते उंच उभं घड्याळ सुधीरच्या वडिलांना निवृत्तीच्या वेळी मिळालं होतं. वडील गेल्यावर थोरल्या वरदने ते सुधीरच्या जुईनगरच्या फ्लॅटवर पाठवलं. म्हणाला, "जप हं. बाबांचा जीव होता त्यात."

शहाण्णव साली ते बंद पडलं, तेव्हा सुधीरने उरणजवळच्या मोऱ्याहून देवजी कोळ्यांना बोलावलं. रोज लाँचने मुंबईला जाऊन त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. दोन दिवस जमिनीवर चादर पसरून त्यांनी एकेक चाक रॉकेलने धुतलं, काडीच्या टोकाने तेलाचे थेंब सोडले. जाताना बजावलं, "घड्याल हलवायचा आसंल तर आदी लंबक काडा, वजनं काडा. लंबक बारीक पट्टीवर टांगलेला हाय. हिसका लागला का तुटंल."

पंधरा दिवसांनी वरद जेवायला येणार होता. घड्याळ जरा उजेडात दिसावं म्हणून सुधीरने ते तसंच बाल्कनीच्या दाराशी ढकललं. आत कट्‌ असा आवाज झाला आणि लंबक तळाशी आपटला.

घराजवळच्या दुकानाच्या फोनवर निरोप मिळताच देवजी आले, तेव्हा वरद सोफ्यावर बसला होता. सुधीर म्हणाला, "पंधरा दिवससुद्धा टिकलं नाही हो. पट्टी नीट बसली नसणार."

देवजींनी तुटलेली पट्टी खिडकीशी नेऊन पाहिली. मग स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरला.

"हलवलं नाय ना?"

"छे."

"मग माजाच हात चुकला."

त्यांनी नवी पट्टी काढली, पण स्क्रू दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी पेचकस सुधीरपुढे धरला. "तुमीच आवला."

सुधीरने स्क्रू आवळला. त्या वेळी एक शब्द बोलला असता तर निभावलं असतं. पण समोर वरद होता. देवजी चहालाही थांबले नाहीत.

चार महिन्यांनी घड्याळ मागे पडू लागलं. सुधीरने त्याच दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "देवजीबाबांनी काम सोडला. हत्यारां पन देऊन टाकली."

रविवारी सुधीर बसने उरणला आणि तिथून मोऱ्याला गेला. देवजींची बायको पुतळाबाई दारात वाळत घातलेले बोंबील उलटत होती. देवजी ओट्यावर नुसतेच बसले होते.

"पट्टी माझ्यामुळे तुटली," सुधीर उभ्यानेच म्हणाला. "लंबक न काढता मी घड्याळ ढकललं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

देवजींनी त्याच्याकडे पाहिलं.

"तवा का नाय बोललात?"

"भाऊ समोर होता. लाज वाटली."

"तुमाला लाज वाटली," देवजी सावकाश म्हणाले. "मी चार महिने भाकरी मोडताना हाताकडं बगतंय."

पुतळाबाई तोंड फिरवून आत गेली. सुधीरची मान वर होईना. आपण काय केलं ते त्याला माहीत होतं, पण ते एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं.

देवजी उठले. "चला."

"कुठे?"

"उरनच्या बाजारान. धनेशला हत्यारां दिली, तवा त्याला सांगितला, माजा हात गेला म्हनून. आता त्याला तुमच्या तोंडानं सांगा."

धनेशच्या घड्याळ दुरुस्तीच्या टपरीवर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबावं म्हणून सुधीर बाजूला सरकला. देवजी सरकले नाहीत. मग सुधीरने तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज बारीक निघाला, म्हणून धनेशने विचारलं, "काय म्हनलात?" त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. गिऱ्हाइकं आधी त्याच्याकडे आणि मग देवजींकडे बघू लागली.

धनेशने फळीवरची पत्र्याची पेटी उतरवली आणि दोन्ही हातांनी देवजींपुढे धरली. सुधीरने ती घ्यायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," देवजी म्हणाले. पेटी काखेत मारून ते एकटेच मोऱ्याच्या रस्त्याला लागले.

घड्याळ पाहायला याल का, हे विचारायचं सुधीरचं धाडस झालं नाही.