पुढचा तुकडा

पाटोद्याच्या बाजारपेठेत मन्मथप्पांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात कॉम्प्युटर आला, तेव्हा आप्पांनी आधी त्याला भस्म लावलं आणि मगच स्विच दाबू दिला. तो चालवायला माणूस मिळाला शहादेव. ऊसतोडीला जाणाऱ्या धुळाजी आणि कडूबाईचा हा एकुलता मुलगा बीडला राहून कोर्स करून आलेला, बोलायला कमी, आणि कुठं बिघाड दिसला की जेवण विसरणारा. पोराच्या हातात कोयता येऊ द्यायचा नाही ही कडूबाईची जिद्द, आणि ती तिनं तडीस नेली होती.

त्या वर्षी शहादेव म्हणाला होता, "आये, आता मी कमावतो. यंदा जाऊ नगस." पण बसून खाईल ती कडूबाई कसली! दिवाळी झाली आणि नवराबायको कर्नाटकातल्या कारखान्यावर निघून गेली. शहादेव रुसला, गाडीजवळ निरोप द्यायलाही गेला नाही.

कारखान्यानं त्याच हंगामात नवी टूम काढली. टोळीतल्या माणसानं ऑफिसात यावं, निरोप सांगावा, मराठी जाणणाऱ्या कारकुनानं तो बोलला तसा टाइप करावा. इकडे पाटोद्यात टोळीचा नंबर टाकला की इंटरनेटवरून कारखान्याच्या मशीनला विचारणा जायची आणि निरोप पडद्यावर यायचा. विचारणा करणारा प्रोग्रॅम शहादेवनं स्वतः लिहिला होता. आप्पा गिऱ्हाईक दिसलं की सांगत, "आमच्या शहाद्यानं केलंय बरं का!"

केलं होतं खरं, पण धड चालेना. काही निरोप पटकन यायचे, काही अर्धे येऊन अडकायचे आणि पडदा जागच्या जागी थिजायचा. बाजाराच्या दिवशी दुकानापुढं रांग लागायची. मंजुळाबाईचा लेकही त्याच कारखान्यावर. ती ओरडायची, "तुजं मशीन जेवाया बसलं काय रं?"

शहादेवनं सगळा दोष फोनच्या लाइनीला दिला. वायर बदलली, मोडेम बदलला. लाइन तुटू नये म्हणून दुकान उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत इंटरनेट चालूच ठेवलं. त्या काळी इंटरनेट आणि फोन एकाच तारेवर, एक चालू तर दुसरा बंद. आप्पा कुरकुरले, "आरं, पावणे म्हनतेत तुमचा फोन लागतच न्हाई." शहादेव मान वर न करता म्हणाला, "आप्पा, थोडी कळ काढा."

शेवटी वैतागून त्यानं सोपा मार्ग काढला. अर्धा मिनिट वाट बघायची, पुढं काही आलं नाही तर थांबायचं आणि आलं तेवढं दाखवायचं. रांग भराभर सरकू लागली. लोक खूश, कारण आलेलं तेवढं नेहमी चांगलंच असायचं. आमच्याकडं कितीही मोठं संकट असो, निरोपाची सुरुवात खुशालीनंच होते. आम्ही खुशाल, गुरं खुशाल, शेजारी खुशाल. दुःखाचं बोलणं अगदी शेवटी, हळूच. खुशालीवाचून जाते ती एकच बातमी. पोस्टकार्डांच्या दिवसांत त्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, आणि तो बघूनच बायका रडायला लागायच्या. त्यामुळं 'खुशाल' दिसलं की जीव भांड्यात पडायचा. मंजुळाबाईचा पडला तसा शहादेवचाही.

स्वतःचा निरोप तो रांग संपल्यावर उघडायचा. 'शहादेवला धुळाजी व कडूबाईचा आशीर्वाद. इकडं समदे खुशाल हावोत. तुजी खुशाली कळिव. बैलं बी खुशाल...' तिथं तुटायचं. पुढच्या बाजारीही तेच. आईबाप सुखरूप आहेत म्हटल्यावर पोरगा परत मशीनमध्ये डोकं घालायचा. इतकं हुशार असूनही माणसानं इतकं आंधळं असावं, याचा राग येतो.

पण तुटलेले निरोप त्याला गप्प बसू देईनात. एके दिवशी ध्यानात आलं, तुटणारे सगळे निरोप सारख्याच लांबीवर तुटतात. लाइनीचा दोष इतका शिस्तीचा कसा असेल? तो तडक बसस्टँडवरच्या एसटीडी बूथवर गेला आणि कारखान्याच्या मशीनचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस हसला. "अहो, लांब निरोप तुकड्यांत येतो. एक तुकडा मिळाला की पुढचा मागायचा. तुम्ही मागतच नाही वाटतं?"

एवढंच होतं. तिकडचं मशीन मागण्याची वाट बघत बसलेलं, इकडचं मशीन पाठवण्याची. आणि दोघांना वाट बघायलाही शहादेवनं मुदत घालून दिलेली.

तो जवळजवळ पळतच दुकानात आला. प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या. दुसऱ्यांच्या निरोपांशी खेळायला नको म्हणून आईबापाचाच जुना निरोप मागवला. आप्पा मागं उभे. या वेळी तो तुटला नाही.

'...बैलं बी खुशाल हायेत. बाजूच्या कोपीतले शेजारी समदे खुशाल. बाकी येवढंच की तुज्या आईला ताप हाय. दवाखान्यात ठिवलंय. घाबरू नगस. पर ती तुजं नाव घेती, तर येकदा येऊन जा.'

शहादेवनं दुसरा मागवला. पुन्हा खुशाली, पुन्हा बैलं, आणि मग: 'तू आला न्हाईस. काम आसंल. दुकानावर फोन लावतो, रोज लावतो, लागत न्हाई. तिला वाटतं तुजा राग गेला न्हाई. डाक्टर म्हनला, पोराला बलवा.'

"आप्पा, मी निघतो. मांजरसुंब्याला फुडची गाडी मिळंल."

"मग थांबला कावून? जा बाबा, जा!"

पिशवी उचलता उचलता त्याची नजर पडद्यावर गेली. सकाळीच आलेला आणखी एक निरोप न उघडता पडून होता. त्यानं उभ्या उभ्याच तो उघडला. हा अडकला नाही. पहिल्या झटक्यात सगळा आला.

'शहादेव. तुजी आई गेली. धुळाजी.'

खुशाली नव्हती. शहादेवनं वेड्यासारखा पुढचा तुकडा मागितला. मशीननं लगेच उत्तर दिलं की पुढं काही नाही. त्यानं पुन्हा मागितला. आप्पांनी त्याचा हात धरून बाजूला केला आणि कारखान्याला फोन लावावा म्हणून इंटरनेटची वायर उपसून काढली.

त्यांनी रिसीव्हरला हात लावायच्या आत फोन वाजला. आप्पांनी तो शहादेवच्या हातात दिला.

"कोन, शहादेव?" धुळाजीचा आवाज बसलेला होता. सकाळपासून तो नंबर फिरवत होता. शेवटी फोन लागला, तरी जन्मभराची सवय सुटेना. म्हातारा म्हणाला, "खुशाल हाईस ना रं बाळा?"

लाइन त्या दिवशी स्वच्छ होती. बापाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. धुळाजीनं पुन्हा विचारलं, आणि रिसीव्हर कानाला लावून उत्तराची वाट बघत उभा राहिला.