मारियाच्या खिशातला जीपीएस

मित्रांनो, रस्ता चुकला की आज तुम्ही पटकन फोन काढता. फोनला ही विद्या येण्याआधी ती ज्यांना येत होती, त्यांच्यापैकी मी एक. तळहातावर मावणारा, पिवळ्या रबराच्या कवचातला मी एक जुना जीपीएस आहे. आकाशातल्या उपग्रहांचे संदेश ऐकायचे आणि 'तू इथे आहेस' एवढे सांगायचे, हेच माझे आयुष्यभराचे काम.

परदेशातल्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. तिथे मला पाण्यात बुडवले, टेबलावरून खाली पाडले, आणि तरीही मी चालू राहिलो म्हणून मला खोक्यात बसवले. तो खोका उघडला सोलापुरात, गुफरानभाईंनी. विजेच्या मोठ्या टॉवरांसाठी जागा आखून देणारे ते सर्व्हेअर. त्यांच्या गळ्यात लटकून मी बार्शी, करमाळा, अक्कलकोट असा सगळा मुलूख पायी पाहिला. जिथे टॉवर येणार, ती जागा ते माझ्या स्मरणात साठवून ठेवत.

केमच्या शिवारात रामहरी नावाचे एक शेतकरी मला बघायला बांधावरून उठून आले होते. "ह्ये डबडं जागा सांगतंय व्हय?" त्यांनी विचारले.

"हो काका, अगदी बरोबर सांगतंय," गुफरानभाई म्हणाले.

"मग बग की, माजी शेळी सकाळधरनं दिसंना. कुटं हाय ती?"

गुफरानभाई इतके हसले, की मी त्यांच्या छातीवर उड्या मारू लागलो. शेळी मला सापडली नाही. ती उसात होती, आणि तिने स्वतःच ओरडून आपला पत्ता सांगितला.

पुढे कंपनीने नवी, महागडी यंत्रे आणली. मी विजापूर वेशीजवळच्या गुफरानभाईंच्या घरी कपाटात जाऊन पडलो. तिथे शिलाईचे दोरे, जुन्या किल्ल्या आणि मी. आपली कुणाला गरज उरली नाही, हे कळायला उपग्रह लागत नाही, मित्रांनो.

मला पुन्हा उजेड दिसला तो त्यांच्या मुलीमुळे. मारियाची वैमानिक होण्यासाठी हवाई दलात निवड झाली. निघायच्या दिवशी गुफरानभाईंनी मला पुसून, नव्या बॅटऱ्या घालून तिच्यापुढे धरले.

"अब्बा, तिथं सगळं शिकवतात. हे कशाला?"

"रख ले बेटा," तिची आई जमीला म्हणाली. "तुझ्यासाठी नाही, अब्बांना झोप यावी म्हणून ने."

अशा रीतीने मी सैन्यात दाखल झालो.

मारियाचे केंद्र सोलापूरपासून विमानाने फार दूर नव्हते. ती ज्या विमानांवर शिकत होती, ती लहान आणि जुनी होती. त्यांत नकाशा दाखवणारा पडदा नव्हता. मांडीवर कागदी नकाशा, मनगटावर घड्याळ, समोर होकायंत्र, आणि खाली दिसणारी नदी, रस्ता, तलाव ओळखत जायचे, असा तो सराव असे. मारियाचे विमानावर हुकमी नियंत्रण होते, पण नकाशाची तिला धास्ती वाटे. म्हणून एका सकाळी तिने मला गुडघ्यावरच्या खिशात घातले. कुणी मनाई केली नव्हती, आणि तिने कुणाला विचारलेही नव्हते.

मागच्या सीटवर तिच्या प्रशिक्षक होत्या, स्क्वाड्रन लीडर दाक्षायणी. त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या. त्या दिवशी होटगी जंक्शनवर, जिथे दोन रेल्वेमार्ग मिळतात, तिथून वळायचे होते. मारियाने माझ्या यादीतून होटगी निवडायला बटण दाबले. पण हातात मोजे होते, आणि यादीत होटगीच्या नेमके वर 'होम' होते. गुफरानभाईंनी आपले घर त्या नावाने साठवले होते. माझा बाण घराकडे वळला. दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच दिशेला असल्याने तिला शंका आली नाही. मी तिला अगदी बिनचूक घरी घेऊन निघालो.

होटगी खालून निघून गेली. मारिया माझ्याकडे बघत होती.

"मारिया," मागून आवाज आला, "तुझी मान सारखी खाली का? जरा डावीकडे बघ. काय दिसतंय?"

तिने पाहिले. मोठा तलाव, तलावाच्या मधोमध देऊळ, बाजूला किल्ल्याची तटबंदी. सिद्धेश्वराचा तलाव न ओळखणारा माणूस सोलापुरात जन्मत नाही.

"मॅडम... सोलापूर."

"अय्यो! चहाला चाललोय का आपण तुझ्या घरी?"

उतरल्यावर मी टेबलावर आणि मारिया भिंतीशी, असे दोघे उभे होतो. मुख्य प्रशिक्षकही आले होते, शांत स्वभावाचे, केस पिकलेले गृहस्थ.

"सर, विद्यार्थ्यांच्या खिशात हे नकोच," दाक्षायणी मॅडम म्हणाल्या. "हे असलं की पोरं बाहेर बघत नाहीत. युद्धात उपग्रहांचे संदेश बंद पाडले, तर काय करणार? शिवाय आपण कुठून कुठं उडालो, ते सगळं याच्या पोटात साठतं."

"सगळं खरं," सर म्हणाले. "पण एकटा विद्यार्थी धुरक्यात हरवला, इंधन संपत आलं, आणि घरी ठेवलेल्या जीपीएसनं तो वाचला असता, तर त्याच्या आईला मी काय सांगू?"

शेवटी, मॅडमचा विरोध असूनही, मार्ग निघाला, आणि तो आधी मारियापासून आजमावायचे ठरले. विद्यार्थी एकटा उडेल तेव्हा माझ्यासारखे यंत्र पाकिटात सील करून बरोबर द्यायचे. हरवलास तर खुशाल सील तोड. कुणी रागावणार नाही, फक्त ते उड्डाण पुन्हा करावे लागेल. आणि त्याआधी यंत्राची जुनी आठवण पुसून कोरी करायची.

माझी आठवण म्हणजे गुफरानभाईंची सारी पायपीट. मारियाने अवघडून घरी फोन लावला. "अब्बा, तुमच्या सगळ्या जागा पुसाव्या लागतील."

"पुस की!" गुफरानभाई म्हणाले. "टॉवर कुठं चाललेत? उभेच हाईत की जागेवर!"

मी कोरा झालो. वाईट वाटले, पण हलकेही वाटले.

मग मारियाच्या एकटीच्या उड्डाणाचा दिवस आला. अक्कलकोटजवळच्या कुरनूर धरणावर पोहोचून परत यायचे होते. शेतांत उसाचे पाचट जळत होते, आणि थंडीमुळे धूर जमिनीलगत बसला होता. घड्याळाप्रमाणे वेळ झाली. खाली धरण नव्हते. नुसती करडी शेते होती. तिने रेडिओवर हाक मारली. नुसती खरखर ऐकू आली. मी पाकिटात, तिच्या गुडघ्यावरच्या खिशात होतो.

नकाशाच्या परीक्षेत ती आधीच काठावर होती. सील तोडले की हे उड्डाण गेले. ती पाकिटाला हात लावी आणि काढून घेई. इंधनाचा काटा खाली येत होता. मग ती मोठ्याने म्हणाली, "मी हरवलेय." आणि तिने सील फाडले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा क्षण! आणि मी काय केले? 'उपग्रह शोधत आहे' अशी पाटी दाखवत बसलो. माझी आठवण कोरी होती, वय झालेले होते. एक उपग्रह सापडला, दुसरा सापडेना. मी जीव तोडून ऐकत होतो.

पण मारिया माझ्यासाठी थांबली नाही. तिने मला नकाशापाशी ठेवले, विमान थोडे वर घेतले आणि ती बाहेर बघू लागली. डावीकडे, उजवीकडे, सावकाश. धुरातून एक काळी रेघ वर आली. रेघेला बुरूज होते, आणि नदी तिच्या कुशीतून वळून जात होती.

"नळदुर्गचा किल्ला!" ती ओरडली. "म्हणजे ही बोरी नदी, आणि धरण हिच्यावरच आहे. वाऱ्यानं मला उत्तरेला ढकललंय."

नदी धरून ती दक्षिणेला वळली. काही वेळाने समोर कुरनूरचे पाणी चमकले, आणि तेव्हा कुठे माझा बाण पडद्यावर उमटला. मीही तेच सांगत होतो.

"उठलास का?" ती हसून म्हणाली. तिथून केंद्रापर्यंत तिने माझ्याकडे पाहिले नाही, आणि मला त्याचे जरासुद्धा वाईट वाटले नाही.

धावपट्टीजवळ दाक्षायणी मॅडम आणि मुख्य प्रशिक्षक उभे होते. मॅडमनी फाटलेले पाकीट हातात घेतले. सगळी हकिकत ऐकल्यावर मारियाचा एक सोबती हळहळला, "अरे, थोडं थांबली असतीस तर तसंही सापडलं असतं! पास झाली असतीस."

"नाही," मारिया म्हणाली. "सील शाबूत होतं तोवर मला फक्त सीलच दिसत होतं. ते फाडलं, नापास व्हायची भीती गेली, आणि मग किल्ला दिसला."

मॅडमनी पाकिटाची घडी करून ते खिशात ठेवले. "उड्डाण परत करावं लागेल," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"आणि सर," त्या मुख्य प्रशिक्षकांकडे वळल्या, "माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक पाकीट द्या. मी विरोध मागे घेते."

पुढच्या आठवड्यात मारियाने ते उड्डाण पुन्हा केले आणि ती पास झाली. आज ती मोठी विमाने चालवते. मी मात्र त्या केंद्रातच राहिलो. नव्या मुलांच्या खिशात बसून मी रोज आभाळात जातो, आणि बहुतेक वेळा सील शाबूत ठेवून झोपून परत येतो. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला याहून चांगली नोकरी कुठली मिळणार?

माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. आम्हा जुन्या यंत्रांना सांभाळा, अडगळीत टाकू नका. कधी हरवलात, तर तसे मोठ्याने म्हणा आणि बिनधास्त आम्हाला हाक मारा. आम्ही जागे व्हायला जरा वेळ लावू. तोवर तुम्ही बाहेर बघत राहा.