उशिरा बोलणारी पट्टी

मित्रांनो, दिग्विजयनं आधी माझ्यासमोर मोबाइल उभा केला, केसांवरून हात फिरवला आणि मगच माझ्याकडं वळला. नमस्कार नाही, धूळ पुसणं नाही. खुराड्यातून कोंबड्या सोडाव्यात तशी त्यानं माझ्यावर बोटं सोडली. असल्या वागण्याला काय म्हणतात, ते मी लहान मुलांसमोर सांगत नाही.

मी जुनी बाजाची पेटी आहे. अंग सागवानी, नाक जरा वर. शाळेत एकदाच गेले, तेही पंधरा ऑगस्टला, रिक्षातून. पण माणूस ओळखायला मला शाळा लागली नाही.

माझा धनी ईरप्पा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात लूमवर होता. खडखडाटानं कान अधू झालेले. बायको गोजाबाई भजन म्हणायची, तेव्हा तो तिच्या ओठांकडं बघून वाजवायचा. बोटं जाड, येणारे सूर मोजके. पण तेवढ्यातच असा डोलायचा की समोरच्यांचा चहा गार व्हायचा.

माझी एक पट्टी उशिरा बोलते. वयाचा मान आहे तो. ईरप्पा तिथं थांबून हसायचा, तेवढ्यात गोजाबाई श्वास घ्यायची. घरादाराला वाटायचं, भजनच तसं आहे.

ईरप्पा गेला आणि गोजाबाईचं गाणं थांबलं. वर्षभर मी चादरीखाली पडून. वर इस्त्रीचे कपडे! मी काय टेबल आहे?

परवा सोमवारी गोजाबाई म्हणाली, "आज म्हणून बघती. ज्याची साथ जमंल, पेटी त्याची."

लेकीचा हा मुलगा, दिग्विजय, सात रस्ता चौकात पेटीच्या क्लासला जातो. तोच आधी बसला. ताना काय, पळापळ काय! उशिराची पट्टी आली तरी थांबला नाही. गोजाबाईचा श्वास तुटला, ठसका लागला. तिनं तोंड मिटून घेतलं.

"पेटीच खराब हाय, आज्जी. भंगारात दे," तो म्हणाला.

खराब! मी!

गोजाबाई उठायला लागली. तेवढ्यात सून सोनाली पदराला हात पुसत माझ्यासमोर बसली. "आत्या, बसा की. मला हे एकच येतंय, तेवढं वाजीवते."

"मामी, चारच सूर व्हय?" दिग्विजय हसला.

"चार तर चार. तुझ्या चाळिसात आत्या खोकत बसल्या न्हवं?"

सोनालीनं हळूहळू वाजवलं. एकदा बोट घसरलं. "चुकलं की!" म्हणून ती खळखळून हसली, आणि वर्षभरानं गोजाबाईही हसली. उशिराची पट्टी आली. सोनाली थांबली, सासूच्या ओठांकडं बघत राहिली. गोजाबाईनं श्वास भरला आणि तिचा आवाज वर चढला, पार गल्लीपर्यंत.

भजन संपलं तरी हे पोरगं म्हणतंच होतं, "पण मामीचा हात लई हळू हाय."

पेटीनं बोलू नये असा नियम असेल, तर असू दे. मी मोठ्यानं म्हणाले, "दिग्विजय, इकडं बघ. मोबाइलकडं नव्हे, माझ्याकडं. आज्जीचा श्वास कुठं संपतो ते तुला कळेपर्यंत माझ्याशी तुझं एकच काम. ते फडकं घे आणि माझ्या पट्ट्या पूस. त्या उशिराच्या पट्टीला हलक्या हातानं. ती तुझ्यापेक्षा थोरली आहे."