कमरेइतक्या उंचीवरचं कुंपण

१९९४ साली मुश्ताक शारजाहून सुट्टीवर आला, तेव्हा नवीन पनवेलमधल्या त्याच्या गल्लीला खजूर आणि अत्तर मिळालं. बायकोला, म्हणजे फहमिदाला, भोंगा मिळाला.

तिकडे तो लोकांच्या बंगल्यांना चोरघंट्या बसवायचा. स्वतःची बायको मात्र दोन-दोन वर्षं एका कडीच्या भरवशावर एकटी, हे त्याला डाचत होतं. शुक्रवारी परत जायचं होतं. त्याआधी घराचा बंदोबस्त झाला पाहिजे.

त्याने परसाच्या दोन टोकांना दोन डबे ठोकले. एकातून न दिसणारा किरण निघे, दुसऱ्यात शिरे. मध्ये कुणी आलं की भोंगा. मांजरांनी वाजू नये म्हणून डबे कमरेइतक्या उंचीवर. मागच्या दारावर कॅमेरा, त्याचं चित्र टीव्हीवर.

पहिल्या दिवशी भोंगा एकोणीस वेळा वाजला. पुढच्या दाराने फक्त पोस्टमन यायचा, बाकी सगळी गल्ली परसातून. शेजारच्या चंद्रावतीकाकी, मूळच्या आपटा गावच्या, तर विरजण न्यायला, वाटी परत द्यायला आणि वाटी परत दिली का ते विचारायला.

दुसऱ्या दिवशी एकदाही वाजला नाही. मुश्ताकने वायरी तपासल्या. ठीक होत्या. मग टीव्ही लावला. पडद्यावर साठीच्या चंद्रावतीकाकी आमटीचं पातेलं सांभाळत, उकिडव्या बसून बदकासारख्या चालत किरणाखालून येत होत्या. त्यांच्यामागे समोरच्या आशालताबाई, कडक इस्त्रीच्या साडीत, तशाच.

"काकी, हे काय चाललंय?"

"तुजा भोंगा लय ठणाणा करतो. फहमिदाचं डोकं दुखतं. म्हनून आमी खालून येतो. सगल्या गल्लीला शिकवलाय."

"अहो, ते चोरासाठी आहे!"

"मंग चोराला नाय सांगनार," काकींनी शब्द दिला.

मुश्ताक हबकला. त्याच्या बायकोच्या डोक्याची काळजी म्हणून अख्खी गल्ली घरफोडी शिकली होती. डबे खाली घ्यावेत तर मांजरं, वर घ्यावेत तर प्रश्न आणखी मोठा.

गुरुवारी दुपारी याच विचारात तो बाहेरून भिंत बघून आला आणि आपल्याच परसात ताठ चालत शिरला. भोंगा बोंबलला. तो बटणापर्यंत पोहोचायच्या आत काकी लाटणं घेऊन हजर, मागे आशालताबाई गरम इस्त्री घेऊन, त्यांच्यामागे दोघी खराटे घेऊन. भोंगा आधीच वाजत होता, तरी सगळ्या वाकूनच आल्या.

"काकी, ते आमचेच आहेत!" फहमिदा दारातून ओरडली.

काकींनी लाटणं खाली केलं, पण पूर्ण नाही. "मंग ताठ कशाला आला? गल्लीतला मानूस असा येतो काय?"

मुश्ताकने भोंगा बंद केला आणि तो वाजल्यापासून काकी येईपर्यंतचे सेकंद मनात मोजले. आठ. शारजाला सगळ्यात महागडे पहारेकरीसुद्धा अकरा मिनिटं घेत. आणि इथे वाकणारे सगळे घरचे. वाजणार तो फक्त परक्यासाठी. त्याच्या कंपनीला हे इतकं नेमकं कधी जमलं नव्हतं.

"डबे हलवायचे आहेत ना?" फहमिदाने स्टूल आणून ठेवलं.

"नको. आहेत तिथेच राहू देत."

"आनि तू," काकी त्याला म्हणाल्या, "दोन वर्सांनी येशील तवा अगोदर पत्र टाक. आमी पयले मारतो, तोंड मागून बघतो."

मुश्ताकने मान डोलावली आणि निवांतपणे बॅग भरायला गेला.