सोमवारी चालणारा कॉम्प्युटर

“घराला कुलूप लावायच्या आधी मेन पाडायचा. ध्यानात ठेव. माघारी येईस्तवर घरात करंट नको.”

माझे थोरले दीर, सुभेदार दादा, जाऊन तीन वर्षं झाली, तरी हा आवाज आमच्या गल्लीच्या कानात आहे. एका वळवाच्या पावसात वीज पडून त्यांचा टीव्ही जळाला, तेव्हापासूनचा हा हुकूम. शेवटच्या आजारात, दवाखान्यात, थोरल्या जाऊबाईंचा हात धरून त्यांनी तोच पुन्हा सांगितला. सुलाबाईंनी, म्हणजे आमच्या आक्कांनी, ‘व्हय’ म्हणून शब्द दिला. त्या दिवसापासून शेताला निघताना आक्का स्टुलावर चढतात, मेन स्विच खाली ओढतात आणि मगच कुलूप लावतात. दूध नासायला लागलं म्हणून फ्रीज विकला, पण शब्द मोडला नाही.

आता त्याच घरातली गर्दी बघा. श्रावणातला रविवार, दिवेलागणीची वेळ. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव तसं मोठं, पण त्या दिवशी सगळं आक्कांच्या सोप्यात मावलं होतं. मधोमध टेबलावर दादांनी पेन्शनीत आल्यावर घेतलेला जुना कॉम्प्युटर. त्याला हळदकुंकू वाहिलेलं. समोर पाटावर लहरीनाथ महाराज. कपाळाला भस्म, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि मेरुमण्याच्या जागी लोंबणारा पेनड्राइव्ह.

झालं होतं असं. आषाढापासून त्या कॉम्प्युटरवर नेट चालेना. पडद्यावर लाल त्रिकोण यायचा आणि खाली इंग्रजीत ओळ, की हे कनेक्शन सुरक्षित नाही. वायफायवाला आला, स्वतःच्या मोबाईलवर बघून ‘लाईन ओके हाय’ म्हणाला आणि चहा पिऊन गेला. वायरी उपसून झाल्या, बंदचालू करून झालं. अडचण होती सुनेची. आक्कांचा धैर्यशील फौजेत, सीमेवर. त्याची बायको राजेश्वरी माण तालुक्यातली, वैशाखात लग्न होऊन आलेली. गणपती झाल्यावर तिची लिपिकाची टायपिंगची परीक्षा, आणि सराव सगळा क्लासच्या वेबसाइटवर. मोबाईलवर बोटानं टिचकून टायपिंग येत नाही, त्याला कीबोर्डच लागतो.

“यंत्रच बोलतंय!” महाराज म्हणाले. “सुरक्षित नाही म्हणतंय! आम्ही सांगावं असं उरलंच काय?”

शेजारच्या अर्जुनाभावजींनी टोपी मागं सारली. “पर महाराज, मोबाईलवर त्येच नेट लय पळतंय की.”

“मोबाईल कधीचा?”

“गेल्या दिवाळीचा.”

“मग! नव्या वस्तूत आत्मा शिरत नाही. त्याला ओळखीची जागा लागते. हा कॉम्प्युटर कुणाचा?”

“सुभेदार दादांचा.”

“त्यांचं काही बघायचं राहिलं होतं?”

जाणाऱ्या कुठल्या माणसाचं राहत नाही? पण अर्जुनाभावजी टाळी वाजवून ओरडले, “सून बघायची राहिली!”

महाराजांनी डोळे मिटले. हे जणू त्यांनीच सांगितलं होतं.

मग त्यांनी झोळीतून भगवं फडकं काढलं, पडद्यावर टाकलं आणि स्वतःचं डोकं अन् हात त्यात घातले. “वरची लहर खाली, खालची लहर वरी, लहरीनाथाच्या घरी सर्व्हर पाणी भरी!” मी रोज माळ ओढणारी बाई. मला मंत्रापेक्षा आतली टिक टिक जास्त ऐकू आली. फडकं उचललं, तर क्लासची वेबसाइट उघडलेली.

“हर हर महादेव!” सोपा दणाणला.

सोमवारी दिवसभर नेट पळालं. मंगळवारी संध्याकाळी लाल त्रिकोण परत आला. पुढच्या रविवारी महाराज पुन्हा आले, सोमवार चांगला गेला आणि मंगळवारी त्रिकोण आलाच. झालं! सोमवार म्हणजे महादेवाचा वार, कॉम्प्युटर महादेवाचा. त्या दुसऱ्या सोमवारीच लोकांनी कीबोर्डवर बेलाची पानं वाहिली. गल्लीतली मनुबाई माउस हातात घेऊन विचारत होती, “गुडघ्याला लावला तर चाललं का गं?”

हसायची गोष्ट एवढीच असती तर मी लिहायला बसले नसते. पण त्या दुसऱ्या रविवारी महाराजांनी निवाडा दिला होता. सासऱ्यांना सून पसंत नाही. ती घरात आहे तोवर लहर टिकायची नाही. येत्या रविवारी शेवटचा विधी करायचा आणि तिला वर्षभर माहेरी पाठवायचं. गल्लीला तेवढंच पाहिजे होतं. “माणची पोर,” कुणीतरी म्हणालं, “दुष्काळ घिऊनच आली.”

आक्का वाईट नाहीत. पण नवरा नाराज आहे, हे ऐकून त्या जेवायच्या बंद झाल्या. धैर्यशीलला फोन केला, तर तो म्हणाला, “आई म्हनल तसं.” राजेश्वरीच्या भावाला रविवारी न्यायला ये म्हणून निरोप गेला. परीक्षेचं नावही कुणी काढलं नाही.

मी बोलणारी बाई नव्हे. सोमवार धरते, संकष्टी करते, तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात काही घालत नाही. पण महादेव एका पोरीचं घर मोडायला कॉम्प्युटरमध्ये येऊन बसेल, हे माझ्या गळी उतरेना. त्या दुसऱ्या मंगळवारी प्रसादाची वाटी घेऊन मी गेले. राजेश्वरी लाल त्रिकोणापुढं बसली होती, डोळे सुजलेले. माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. उपासतापास करणाऱ्या बाईला आधी तिथी-वार दिसतो.

“राजेश्वरी, आज वार कुठला गं?”

“मंगळवार की, काकी.”

“मग ह्यो डबा गुरुवार का म्हनतोय?”

ती वाकून बघायला लागली. “एक जानेवारी दोन हजार नऊ… अगं बाई! तवा मी तिसरीत हुते.”

तिनं तारीख बरोबर केली. माउस दोनचार वेळा टिक टिक वाजला. तीच टिक टिक, फडक्याखालची! आणि वेबसाइट उघडली.

मग ती हळूच समजावू लागली. “काकी, वेबसाइटला वळखपत्र असतंय. ह्या तारखेपास्नं त्या तारखेपर्यंत चालणारं. ह्याचं घड्याळ मागं गेलंय, त्यामुळं ह्याला वाटतंय, ह्ये वळखपत्र अजून सुरूच झालं न्हाई, म्हंजे खोटं. म्हणून दार लावून घेतंय.”

“म्हंजे शानंच हाय की ते. गावापरीस बरं.”

ती पहिल्यांदा हसली. पण बुधवारी शेतातून परत आल्यावर कॉम्प्युटर पुन्हा एक जानेवारीला जाऊन बसला होता. तारीख रोज मागं का जाते, आणि सोमवारी का जात नाही? मी तिथंच आक्कांच्या सोप्यात माळ हातात घेतली, पण मणी पुढं सरकेनात. सोमवारी आमच्याकडं काय होत नाही? आमच्या गावात सोमवारी औत धरत नाहीत, बायकाही रानात खुरपं घेऊन भांगलायला जात नाहीत. म्हणजे घर उघडं. घर उघडं म्हणजे कुलूप नाही. कुलूप नाही म्हणजे…

मी उठून त्या स्टुलाकडं बघितलं. सोमवारी मेन पडत नाही!

“राजेश्वरी, भितीवरचं घड्याळ करंट गेला तरी कशावर चालतं?”

“सेलावर.”

“मग ह्याच्यात असंल का एखादा?”

तिनं मोबाईलवर शोधलं. होता. नाण्याएवढा सेल, आत पाटीवर बसवलेला. करंट नसताना घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्याचं काम. इतकी वर्षं रोज मेन बंद झाला की भार त्याच्यावर यायचा. आषाढात तो संपला.

आम्ही गप्प राहिलो. आक्कांना एकटीला सांगून पटलं नसतं. त्या म्हणाल्या असत्या, सुनेनं तुला फितवली. ज्या सोप्यात पोरीवर ठपका आला, त्याच सोप्यात तो निघायला पाहिजे होता. कोरेगावच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवला.

रविवारी गर्दी दुप्पट. उंबऱ्याशी राजेश्वरीची पिशवी, बाकावर तिचा भाऊ मान खाली घालून बसलेला. महाराजांनी फडकं काढलं.

“महाराज,” मी म्हटलं, “आज फडकं न टाकता करा की.”

“लहर लाजते, माई.”

“लाजत असंल तर आमी डोळं मिटतो. पर त्याआधी ह्या कोपऱ्यात काय लिवलंय, तेवढं वाचून दावा.”

“आध्यात्मिक तारीख आहे ती!”

“आमची पंचांगातली हाय. अर्जुनाभावजी, बसा हितं. राजेश्वरी, सांग त्यास्नी.”

अर्जुनाभावजींनी उभ्या जन्मात माउस धरला नव्हता. घाम पुसत, जीभ बाहेर काढत त्यांनी राजेश्वरी सांगेल तसं दाबलं. तारीख बसली. वेबसाइट उघडली.

“आयला! माझ्यात पन लहर हाय व्हय?”

मी स्टुलावर चढून मेन पाडला, पुन्हा वर केला. कॉम्प्युटर सुरू झाला. गुरुवार, एक जानेवारी, लाल त्रिकोण.

“आत्मा चपळ आहे,” महाराज पुटपुटले.

मग राजेश्वरीनं कॉम्प्युटर बंद करून सगळ्यांपुढं डबा उघडला, जुना सेल काढला, नवा बसवला आणि चालू करून तारीख लावली. मी मेन पाडला. मेन वर. तारीख जागच्या जागी, वेबसाइट उघडी. आधी मनुबाई हसली, मग सगळेच. तोवर महाराज चपला शोधायला गेले होते. फडकं मात्र विसरले. आता त्यानं आम्ही पडदा पुसतो.

आक्का हसल्या नाहीत. “म्हंजे मीच बंद पाडत हुते?”

“तुमी शब्द पाळत हुता, आक्का. सेल म्हातारा झाला, एवढंच.”

त्या उठल्या, उंबऱ्यावरची पिशवी उचलून आत नेली आणि सुनेच्या भावाला म्हणाल्या, “च्या घे आन् जा. पोरीची परीक्षा हाय.”

माझं सांगणं साधं आहे. नवस करा, उपास करा, मीही करते. पण घरात काही बिघडलं, तर आधी माणसाला दोष देऊ नका. ते कधी बिघडतं, कधी नाही, मधल्या वेळात आपल्या हातून काय झालं, हे बघा. आणि जो तुम्हाला बघू देत नाही, फडकं टाकतो, त्याला तांब्याभर पाणी द्या आणि दारातूनच वाटेला लावा. देव रागावणार नाही. बघायला डोळे त्यानंच दिलेत.

मंगळवारी सकाळी आम्ही भांगलायला निघालो. अर्जुनाभावजींनी कुडावरून हाक मारली, “आक्का, झालं की आता! आता कशाला मेन पाडताय?”

आक्कांनी खुरपं खाली ठेवलं आणि स्टूल भिंतीशी ओढलं. राजेश्वरीनं पुढं होऊन ते दोन्ही हातांनी धरलं. आक्का पदर खोचून वर चढल्या.