मला घासलं, इरम्माला थांबवलं

मित्रांनो, मला जुना म्हणा, पण भंगार म्हणू नका. मी तांब्याचा बंब आहे. तांबटाने ठोकून ठोकून मला आकार दिला आणि उमरग्याच्या सिद्रामप्पांकडे मी कितीतरी वर्षं पाणी तापवलं. बाळंतिणी न्हाल्या, नवरदेव न्हाले. माझं कौतुक काय विचारता! मग गिझर आला आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. शी!

तिथून मला एस्तेरबाईंनी मागून आणलं. चर्चच्या मागे त्यांचं दिवसघर आहे. ज्यांना घर नाही त्यांनी सकाळी यावं, अंघोळ करावी, धुतलेले कपडे घालावेत, जेवावं, संध्याकाळपर्यंत टेकावं. बसस्टँडवरची, ढाब्यांमागची माणसं इथं येतात. त्यांचा मळ, त्यांच्या उवा, चिघळलेल्या जखमा, सगळं मी पाहिलंय. त्याची किळस मला कधीच आली नाही. किळस आली ती दुसऱ्याच गोष्टीची.

त्या दिवशी इरम्मा उजाडताच आली. बसस्टँडवर झोपणारी म्हातारी. एस्तेरबाईंनी खटपट करून बसवकल्याणकडे दिलेली तिची लेक शोधून काढली होती आणि ती दुपारच्या बसने आईला न्यायला येणार होती.

"बाई, लेकीपुढं अशी नगं," इरम्मा म्हणाली. "वास आला तर माघारी जाईल ती."

बाईंनी लगेच माझ्यात ढलप्या टाकल्या. पाणी तापतंय तोच फोन आला. छपरासाठी पत्रे देणारे पाहुणे यायचे होते. त्यांचं म्हणणं, आम्ही येईपर्यंत कुणाला अंघोळ घालू नका. आधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो हवेत. छप्पर तर गळत होतं. बाईंनी माझे निखारे ओढून काढले. वर पाहुण्यांना दिसावं म्हणून मला चिंच लावून लख्ख घासलं. इरम्मा समोर बसून बघत होती. तांब्याला अंघोळ आणि माणसाला नाही! माझीच मला लाज वाटली.

पाहुणे दुपारी आले, नाकाला रुमाल लावून. भिंतीवर प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतानाचं चित्र आहे. त्याखाली त्यांनी इरम्माला उभं केलं. एक साहेब मोबाईल धरून म्हणाले, केस जरा आणखी विस्कटा. आणि म्हातारीने विस्कटले हो! मला किळस आली ती याची.

तेवढ्यात दारात लेक येऊन उभी राहिली. इरम्माने तोंड भिंतीकडे फिरवलं. साहेबांना आनंदच झाला. लेकीलाही शेजारी उभं करा, म्हणाले.

एस्तेरबाई मोबाईलच्या आड जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, चूक माझी झाली. आता तुम्ही निघा," त्या म्हणाल्या. "पत्रेही घेऊन जा."

लेकीने पदर खोचला, माझ्यात ढलप्या घातल्या आणि फुंकर मारून मारून डोळे लाल करून घेतले. पाणी तापल्यावर तिने आईला चोळून चोळून न्हाऊ घातलं. "अव्वा, मान खाली कर," एवढंच काय ते बोलली. संध्याकाळच्या बसने दोघी गेल्या.

छप्पर अजून गळतं. माझ्यावर पुन्हा काजळी चढली आहे. मित्रांनो, मला काळाच राहू द्या, माझी तक्रार नाही. पण पाणी तापलेलं असताना कुणाला मळकं थांबवू नका.