बाबा बसेपर्यंत

गाडी थांबायची. बिघडलेली गाडी थांबते तशी नाही, कुणाची तरी वाट पाहत थांबायची. मोहिनी इंजिन चालू करायची, गिअरची दांडी पुढं जायच्या 'डी'वर आणायची, ब्रेक सोडायची, आणि गाडी जागच्या जागी नुसती धडधडत राहायची. डावीकडची सीट रिकामी. मग एकाएकी मागून कुणी ढकलावं तसा हिसका, आणि निघाली.

"बसले तुये बाबा," मोहिनी म्हणायची. अगदी सहज, भाजीत मीठ टाकलं म्हणावं तसं.

मागच्या सीटवर वर्षालीच्या अंगावर सर्रकन काटा यायचा.

ही जुनी डिझेल गाडी ताराचंदनं बायकोसाठीच घेतली होती. बिनक्लचची, आपोआप गिअर बदलणारी. अख्ख्या तळेगावात तशी दुसरी नव्हती. मोहिनी आष्टीच्या शाळेत शिकवायला जायची ती हीच गाडी चालवत, आणि बाजूला ताराचंद. त्याचा गुडघा वाकायचा नाही. आधी बूड टेकवायचं, मग एक पाय, मग दुसरा हातानं उचलून आत. तोवर मोहिनी ब्रेक दाबून थांबायची. होळीच्या आधी तो गेला. आणि पावसाळा सरता सरता गाडी आपली आपणच थांबायला लागली. जेवढा वेळ त्याला लागायचा, तेवढीच.

त्यात भर म्हणून अंगणात गाडीखालच्या फरशीवर लाल डाग. पुसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"रक्त तं नाई नं वं मोहिनी?" शेजारच्या कांताकाकूंनी विचारलं, आणि त्या दिवसापासून त्या गाडीच्या लांबूनच जायला लागल्या.

तिथवर ठीक होतं. पण दसऱ्याच्या आठवड्यात हायवेच्या चौकात मोहिनीनं ट्रक जाऊ दिला, ब्रेक सोडला, आणि गाडी आडवी उभीच. दुसरा ट्रक हॉर्न देत अंगावर येऊन राह्यला, वर्षाली मागून "आई, आई" करून राह्यली, आणि मोहिनी डावीकडं बघून हळूच म्हणते, "बसा नं लवकर." ऐन वेळी हिसका बसला म्हणून वाचल्या.

घरी आल्यावर महादेवरावांनी, म्हणजे ताराचंदच्या मोठ्या भावानं, निकाल देऊन टाकला. "दसरा झाला का भंगारवाल्याले देतो. भाऊ गेला माया. आता भावजय अन् पोरगी नाई घालवाची मले."

मोहिनी अंगणात गेली आणि उभ्या गाडीत जाऊन बसली, त्या रिकाम्या सीटशेजारी.

खिडकीतून वर्षालीनं पाहिलं. गाडी गेली तर आईजवळ बाबांचं काय उरणार? आणि राहिली तर एक दिवस चौकात आईच उरायची नाही. अकरावीत गेल्यापासून आपल्याला सगळं जमतं असं या पोरीला वाटायला लागलं होतं, आणि मिक्सर, सायकल, कूलरची मोटर एवढं जमलंही होतं.

"मोठेबाबा, मी दुरुस्त करतो."

"काय करशील? गिअरचं तेल मीच पाह्यतो दर महिन्याले. सकाळी, थंड्या गाडीत, इंजिन बंद ठेवून. ट्रॅक्टरचं पाह्यतो तसंच. तेल मोजाची पट्टी खुणेपर्यंत भरलेली असते."

वर्षालीला बाबा असतानाचा रविवार आठवला. बॉनेट उघडं, इंजिन चालू, आत आई ब्रेकवर पाय ठेवून, आणि बाहेरून बाबा: "रिव्हर्स घे. आता न्यूट्रल. आता डी." तिला तेव्हा तो नवरा-बायकोचा खेळच वाटायचा.

"बाबा गरम गाडीत पाह्यत. इंजिन चालू ठेवून," ती म्हणाली. "बंद केलं का तेल सारं खाली येऊन साचते, म्हणून तुमाले पट्टी भरलेली दिसते. अन् तेल कमी असलं का गिअर उशिरा धरते."

महादेवरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे इतके दिवस मी..."

"ट्रॅक्टरचं बरोबर होतं मोठेबाबा. ही ट्रॅक्टर नाई."

दसऱ्याच्या सकाळी गाडी गावाबाहेर फिरवून गरम केली. आता आत कुणीतरी हवं होतं. मोहिनी दारातच अडून बसली. "मी आत, अन् तू समोर? हिसका देल्ला तं?"

"बाबा मले कायले मारतील?"

बोलून गेल्यावर वर्षालीनं जीभ चावली. पण मोहिनी उठली आणि गाडीत जाऊन बसली. महादेवरावांनी चारही चाकांना धोंडे लावले. "गाडीत तुया बाप असो का भूत," ते म्हणाले, "धोंड्याले दोघंबी सारखेच. अन् तू बाजूनं उभी राह्यजो."

"रिव्हर्स घे," वर्षाली म्हणाली. "आता न्यूट्रल. आता डी." तेच शब्द, तोच सूर. आत मोहिनीनं डोळे मिटून घेतले.

दांडी पार्किंगला आल्यावर चालू इंजिनातच वर्षालीनं पट्टी पुसून घातली, काढली. नुसतं टोक ओलं. इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन खाली वाकून पाहिलं, तर एका नळीची पकड सैल, आणि तिथून थेंब. पकड आवळली. बाबांनी आणून ठेवलेला सीलबंद डबा कापसाच्या कोठीत होताच. तेल लालभडक निघालं. कांताकाकूंचं रक्त ते हेच. थोडं घालायचं, गाडी चालवायची, पुन्हा दांडी फिरवायची, पुन्हा पट्टी. खुणेपर्यंत आलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

ताराचंदला जाऊन वर्ष झालं नव्हतं, सण करायचा नव्हता, म्हणून गाडीला ना हार, ना पेढे. महादेवरावांनी धोंडे काढले आणि पुढच्या चाकांखाली फक्त दोन लिंबं ठेवली.

मोहिनीनं दांडी डीवर आणली. ब्रेक सोडला.

फट्. गाडी निघालीसुद्धा. थांबलीच नाही.

"जमलं," महादेवराव म्हणाले. वर्षालीला तर नाचावंसं वाटत होतं. पण फाटकाजवळ गाडी करकचून थांबली. मोहिनी मान वळवून मागं बघत होती, गाडी जिथं उभी होती त्या फरशीकडं.

"ते मागंच राह्यले," ती म्हणाली.

वर्षालीच्या हातांना तेलाचा वास येत होता, बाबांच्या हातांना यायचा तोच. आपण काय दुरुस्त केलं आणि काय पुसून टाकलं, तिला कळेना.

मोहिनीनं वाकून डावीकडचं दार उघडलं आणि पाय ब्रेकवर घट्ट ठेवला.

वर्षाली दारापाशी गेली. सीट रिकामी होती. ती बसली नाही. दार हातात धरून उभी राहिली: आधी बूड, मग एक पाय, मग दुसरा हातानं उचलून आत. तेवढा वेळ जाऊ दिला. मग बाबांचा अंगठा दारात सापडू नये अशा बेतानं दार हलकेच लावलं, आणि मागं जाऊन बसली.

"चाल आई," ती म्हणाली. "बसले."